पेरणी यंत्रावरचा खोटा आळ

"विना नांगरणीची पेरणी पंजाबात ठीक आहे. आपल्या काळ्या रानात ते यंत्र चालत नाही." मराठवाड्यात आणि वऱ्हाडात हे वाक्य आता कुणी तपासूनही पाहत नाही. कृषी मेळाव्यात ते व्यासपीठावरून येतं, सोसायटीच्या ओट्यावर चहाबरोबर येतं, आणि मासिकांत 'शेतकऱ्यांचा अनुभव' म्हणून छापून येतं. पुरावा मागितला की कुणाच्या तरी गोठ्यामागं गंजत पडलेल्या नऊ फणांच्या यंत्राकडं बोट दाखवलं जातं. अनुदानात घेतलं, एक खरीप चालवलं, सोयाबीन विरळ उगवलं, दुबार पेरणीची पाळी आली, पुढच्या वैशाखात रानात पुन्हा पलटी नांगर. झाला निकाल.

माझा आक्षेप या निकालाला आहे. यंत्र गंजलं हे खरं, सोयाबीन विरळ उगवलं हेही खरं. पण ते यंत्र कोणत्या पिकासाठी बनलं होतं, कोणत्या मातीसाठी बनलं होतं, रानात घालण्याआधी त्यात काय बदललं आणि हंगाम संपल्यावर त्याचं काय केलं, एवढं विचारल्याशिवाय 'चालत नाही' म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाची बंडी अंगात घालून शिंप्याला नावं ठेवणं.

ते यंत्र जरा जवळ जाऊन बघा. आडव्या दांड्यांवर मागं-पुढं बसवलेले नऊ फण, दोन फणांत वीस-बावीस सेंटिमीटर अंतर. फणाच्या टोकाला उलट्या 'टी'च्या आकाराचं पातं. वर बी आणि खताची दोन कप्प्यांची पेटी. जमिनीवर फिरणारं दातेरी चाक, चाकावरून चैन, चैनीवरून पेटीतला खाचांच्या रोळांचा शाफ्ट. फणांच्या मागं काही नाही. बहुतेक वेळा हे असं येतं, आणि हे सगळं भातानंतरच्या गव्हासाठी आहे. भात निघालेल्या, ओल धरून ठेवलेल्या गाळाच्या रानात, थंडीच्या तोंडावर, वितीभर अंतरावर गहू टाकायचा. तिथं फणानं पाडलेली चीर थोडी उघडी राहिली तरी बिघडत नाही. हवा थंड, खाली ओल, गहू उगवून येतो.

आता यंत्राचा वंशही बघू, कारण 'पंजाबात चालतं' म्हणणाऱ्यांना तो माहीत नसतो. उलट्या 'टी'चं पातं मुळात न्यूझीलंडचं, मॅसी विद्यापीठातल्या संशोधनातून निघालेलं. १९८० च्या दशकात ते 'सिमिट' या आंतरराष्ट्रीय संस्थेमार्फत आधी पाकिस्तानात आणि मग भारतात आलं. पंतनगरच्या कृषी विद्यापीठानं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते आपल्याकडच्या साध्या पेरणी यंत्राच्या सांगाड्याला बसवलं. म्हणजे उत्तरेतल्या शेतकऱ्याला जे यंत्र मिळालं ते मुळातच फेरफारातून जन्मलेलं होतं. पुढं कंबाइननं भात कापल्यावर मागं पडणारा पेंढा फणांत गुंतू लागला. मग लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठात, ऑस्ट्रेलियन संशोधकांच्या साथीनं, २००१-०२ च्या सुमारास हॅपी सीडरचं काम सुरू झालं. पहिल्या रूपात पेंढा कापून, उचलून पेरलेल्या रानावर मागं फेकायचा. नंतरच्या 'टर्बो' रूपात उचलण्याची भानगडच काढून टाकली. फणासमोरचा पेंढा फिरत्या पात्यांनी मोकळा करायचा, बस. पुढं कंबाइनलाही मागं पेंढा पसरवणारा जोड बसवावा लागला. पंजाबातसुद्धा पहिलं यंत्र तसंच्या तसं चाललेलं नाही!

परदेशातही हेच. अमेरिकेतल्या केंटकीत हॅरी यंग यांनी १९६२ साली पाऊण एकराहून लहान तुकड्यात विना नांगरणीचा मका पेरला, तो खेचरांनी ओढायच्या जुन्या टोकणयंत्रात फेरफार करून. त्यांचं शेत पाहून आलेल्या हर्बर्ट बार्ट्झ यांनी १९७२ मध्ये ब्राझीलच्या पराना राज्यात ही पद्धत सुरू केली. म्हणजे पंजाबात काय, केंटकीत काय, कारखान्यातून आलेलं यंत्र थेट रानात घालून काम भागलं नाही. मग ती अपेक्षा आपल्याच काळ्या रानाकडून का?

आता काळ्या मातीकडं येतो. इथं विरोधकांच्या म्हणण्यात तथ्य आहे, ते मान्य करूनच पुढं जायला हवं. आपल्या भारी जमिनीत चिकणमाती भरपूर. ओल लागली की ती फुगते, वाळली की आकसते. वाफसा येतो आणि बघता बघता उडून जातो. अशा मातीतून पातं गेलं की चिरेच्या भिंती घोटल्या जातात, गुळगुळीत होतात. यंत्राच्या मागं चालत जा आणि खुरप्यानं तासाला आडवा छेद घ्या. सगळं दिसतं. चीर वर उघडी, बी तळाला पडलेलं, त्याच्या अंगाला माती लागलेलीच नाही. आठवडाभर पावसानं ताण दिला की जमीन नेमकी त्या चिरेतून फाटते, कारण तिला फाटायला आयती रेघ मिळालेली असते. वरून बघितलं तर भेगेत बी दिसतं. उगवलेल्या रोपाचं मूळही घोटलेल्या भिंतीत शिरत नाही, तासाच्या रेषेनं आडवं धावतं. मग शेतकरी म्हणतो, बियाणं बोगस. अधिकारी म्हणतो, जमीन योग्य नाही. फणांच्या मागं काही नव्हतं, हे कुणी म्हणत नाही.

तिथं दाबचाक हवं. प्रत्येक फणाच्या मागं, स्प्रिंगच्या दाबावर चालणारं, रबर चढवलेलं अरुंद चाक, जे चीर मिटवील आणि बी मातीत चेपून बसवील. 'पण आमच्या मातीत चाकाला चिखल धरतो' हे पुढचं उत्तर मला ठाऊक आहे. धरतो. चाकाला खरवडणारी पट्टी लावा. तरीही धरत असेल तर अजून वाफसा आलेला नाही, ट्रॅक्टर बांधावर उभा करा. पाऊस पाठीवर आहे, थांबणं शक्यच नाही अशी वेळ असेल तर चाकं वर उचलून बांधायची सोय ठेवा आणि फणांच्या मागं जाड साखळी ओढत न्या. ती बी दाबत नाही, पण चिरेवर माती तरी लोटते. यातलं काहीही लुधियानाहून मागवावं लागत नाही. तालुक्याच्या गावी ट्रॉल्या बनवणारा कोणताही वेल्डर हे करतो.

अंतराचा प्रश्न याहून सोपा, आणि त्यातच सर्वांत जास्त गोंधळ. सोयाबीनला दोन ओळींत ४५ सेंटिमीटर लागतात. साडेबावीस सेंटिमीटरवर नऊ फण असतील तर एकाआड एक काढा, पाच राहतात, अंतर बरोबर ४५. फण कमी झाले की काडीकचऱ्याला निघून जायला वाट मिळते, हा वरचा फायदा. पण काढलेल्या चार फणांची बियाची आणि खताची, दोन्ही दारं बंद करायला विसरलं की उरलेल्या ओळींना खत कमी आणि मोकळ्या पट्ट्याला फुकट. हरभऱ्याला ३० सेंटिमीटर हवेत, तेव्हा क्लॅम्प ढिले करून सात फण सरकवावे लागतात. हे काम दोन माणसांचं, एका सकाळचं आहे. ते न करता गव्हाच्याच अंतरावर हरभरा टाकायचा आणि मग डवरा चालत नाही म्हणून यंत्राला शिव्या द्यायच्या, याला काय म्हणावं?

आता बियाच्या मापाचं. पेटीतल्या रोळांच्या खाचा गव्हासाठी असतात. सोयाबीनचं बी गोल, मोठं आणि साल अगदी पातळ. खाचेची धार आणि खालची झडप यांच्यात ते सापडतं आणि दुभंगतं किंवा सालीला चीर जाते. दुभंगलेलं दिसतं तरी, चीर गेलेलं दिसतसुद्धा नाही, फक्त उगवत नाही. पेरणीआधी नळीखाली पिशवी बांधा, चाक फिरवा, पडलेलं शंभर दाणे बी मोजा आणि पेटीतलं शंभर दाणे बी मोजा. दोन्ही ओल्या गोणपाटात उगवायला ठेवा. उगवणीत फरक पडला तर बियाणं कंपनीविरुद्ध तक्रार करण्याआधी झडप ढिली करा, रोळ बदला, किंवा खाचांच्या तबकड्यांची पेटी बसवा. बीबीएफ (रुंद वरंबा-सरी) यंत्रावर तिरप्या तबकड्यांची पेटी असते. दाणा एकेक उचलणारी ती रचना मोठ्या बियाला मानवते. बऱ्याच ठिकाणी जुन्या सांगाड्यावर तशी पेटी चढवलेली आहे.

आणि माप. 'एवढ्या नंबरवर कांडी लावा, एकरी तीस किलो पडतं' असं विक्रेता सांगतो आणि लोक ते मानतात. चाकाचा व्यास ४० सेंटिमीटर असेल तर एका फेरीत सव्वा मीटर अंतर जातं. वीस फेऱ्या म्हणजे २५ मीटर. पाच ओळी ४५ सेंटिमीटरवर म्हणजे पेऱ्याची रुंदी सव्वादोन मीटर. म्हणजे वीस फेऱ्यांत साधारण ५६ चौरस मीटर रान पेरलं गेलं. एकरी ३० किलो हवं असेल तर तेवढ्यात सुमारे ४२० ग्रॅम बी पडायला पाहिजे, प्रत्येक नळीतून ८४ ग्रॅम. यंत्र उचलून चाक हातानं फिरवा, पाच पिशव्या बांधा, किराणा दुकानातल्या काट्यावर वजन करा. एका नळीत ७० आणि दुसरीत १०० आलं तर दोष मातीचा नसतो. त्यानंतर हेच रानात, ट्रॅक्टरनं ओढत एकदा करा, कारण धसकटांवरून जाताना चाक घसरतं आणि घसरलं की बी पडतच नाही. चाकाचे दात झिजलेले असतील तर कोपऱ्यापर्यंत रिकामं तास जातं, ड्रायव्हरला पत्ताही लागत नाही. बियाची जात बदलली, दाण्याचा आकार बदलला, तर माप पुन्हा घ्यायचं.

खोलीचंही असंच. सोयाबीन तीन ते पाच सेंटिमीटरपेक्षा खाली गेलं की गेलं. फ्रेम पुढं झुकली तर फण खोल घुसतात, मागं झुकली तर वर तरंगतात, आणि ही झुक ठरते टॉप लिंकच्या लांबीवर. नव्वद टक्के यंत्रं कशी चालतात असा आकडा मी देणार नाही, पण आपल्या गावचं यंत्र उभं असताना एकदा बाजूनं बघा. फ्रेम समपातळीत आहे का? खोली धरणारी चाकं दोन्ही बाजूंना सारख्याच भोकात आहेत का?

यावर सुशिक्षित विरोधकांचा एक ठरलेला मुद्दा असतो. हा सगळा जुगाड झाला, म्हणे. तपासणी होऊन आलेल्या यंत्राला गावच्या वेल्डरनं हात लावायचा म्हणजे अशास्त्रीय काम, वॉरंटीही जाणार. वॉरंटीचं मान्य. पहिल्या हंगामात सांगाडा कापू नका, क्लॅम्पनं जेवढं जमतं तेवढं करा. पण 'अशास्त्रीय' हा शब्द मला टोचतो. याच मुलखात तिफण आणि पाभर सुताराच्या हातून बनत होत्या. भारी रानाची तिफण वेगळी, हलक्या रानाची वेगळी, ज्वारीचं चाडं वेगळं. पेरणीआधी फासे लोहाराकडून शेवटून आणायचे हा दरवर्षीचा रिवाज होता. त्याला कुणी जुगाड म्हणत नव्हतं, ते औजार राखणं होतं. ट्रॅक्टर आला तसा आपण औजार रानाला जुळवण्याचा हक्क कंपनीला देऊन टाकला, आणि कंपनी बसली आहे हजार किलोमीटरवर. सरकारी तपासणी यंत्राची होते. तुमच्या शिवारातल्या पळाटीच्या धसकटांची जबाबदारी ती घेत नाही आणि घेऊही शकत नाही.

जुगाड वाईट कुठं होतो तेही सांगतो. फणाचं टोक झिजलं की वेल्डर जुन्या पाट्याचा तुकडा आणून वर चढवतो. टोक मजबूत होतं आणि जाड होतं. जाड टोक चीर पाडत नाही, माती उकरतं, ओल उडवतं आणि तण जागं करतं. विना नांगरणीचा हेतूच गेला! टोकाला कठीण धातूचा वेल्ड द्यायचाच तर तो फण नवा असताना, धारेवर पातळ, पुढच्या अंगाला द्यायचा. झिजून गोल झाल्यावर नव्हे. एक कोरा फण पेटीत जपून ठेवावा आणि हंगामाच्या शेवटी प्रत्येक फण त्याच्याशेजारी धरून बघावा. बोटभर झिजला असेल तर तो फण बाकीच्यांपेक्षा बोटभर उथळ पेरतो. मधल्या फणांपेक्षा ट्रॅक्टरच्या चाकामागचे फण लवकर झिजतात, कारण तिथली माती दबलेली असते. म्हणून फण आलटून पालटून लावावेत. इतकी साधी गोष्ट माहितीपत्रकात कुठं नसते.

देखभालीबद्दल बोलायला मात्र मला संकोच वाटतो, कारण यात आपलीच बाजू लंगडी आहे. यंत्राला सर्वांत जास्त मारतं ते खत. पेरणी आटोपली, घाईघाईत यंत्र सोडलं, पेटीच्या कोपऱ्यात चार मुठी डीएपी किंवा १०:२६:२६ राहिलं. पावसाळी हवेत ते पाणी ओढतं, दगड होतं, पत्रा खातं, रोळाचा शाफ्ट जाम करतं. रब्बीला यंत्र काढलं की शाफ्ट फिरत नाही, मग कुणीतरी पान्हा लावून ओढतो आणि चैन तुटते. यातून 'बोगस यंत्र' जन्माला येतं. पेरणी संपली त्याच संध्याकाळी पेटी रिकामी करावी, पाण्यानं धुवावी, उन्हात वाळवावी, पत्र्याला आणि रोळांना तेलाचा हात द्यावा. चैन काढून डिझेलमध्ये धुवून तेल लावून ठेवावी. नळ्या काढून टांगाव्यात, नाहीतर उंदीर त्यात घर करतात आणि मुरडलेली नळी पुढच्या हंगामात बी अडवते. दाबचाकांच्या बेअरिंगला ग्रीस. यंत्र मातीवर नव्हे, फळ्यांवर किंवा विटांवर टेकवलेलं. या सगळ्याला अर्धा दिवस लागतो, आणि तेवढाही आपण देत नाही.

'पण लहान शेतकऱ्याकडं स्वतःचं यंत्र कुठं असतं? तो भाड्यानं पेरून घेतो.' हे खरं आहे आणि या वादातला हाच सर्वांत अवघड मुद्दा आहे. भाडं एकरावर ठरतं, म्हणून ड्रायव्हर पळवतो. ताशी पाच किलोमीटरच्या वर गेलं की फण उड्या मारतो, बी विखुरतं, चाक घसरतं. यावर यंत्रात उपाय नाही, व्यवहारात आहे. भाडं तासावर ठरवा, नाहीतर एकराला थोडं जास्त देऊन वेग ठरवून घ्या, आणि स्वतः यंत्राच्या मागं चाला. गटानं यंत्र घेतलं असेल तर पेटी धुण्याची जबाबदारी एकाच माणसावर टाका आणि त्याला त्याचे पैसे द्या. सगळ्यांची जबाबदारी म्हणजे कुणाचीच नाही, हे गटशेतीवाल्यांना मी सांगायला नको.

उरला तो 'नांगरल्याशिवाय काळी जमीन मोकळी होत नाही' हा जुना दावा. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडणारी जमीन स्वतःला मोकळं करत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी मे महिन्यात दुपारी रानात उभं राहावं. ओल्या रानात हार्वेस्टर घालून दाबलेला थर असेल तर एकदा सबसॉयलर घाला, त्याला माझी ना नाही. तणाचं मात्र मी हलक्यानं घेणार नाही. हराळी, लव्हाळा, कुंदा माजलेल्या रानात नांगर सोडून सरळ पेरणी यंत्र घालणं वेडेपणा आहे, आणि तणनाशकावर सगळा भार टाकणं हा टिकणारा मार्ग नव्हे. ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्र सरकारनं २०२२ मध्ये निर्बंध घातले ते काही कारणानंच. आधी रान तणातून काढा, मग यंत्र आणा. पण तण हा पद्धतीचा प्रश्न आहे. तो पेरणी यंत्राच्या माथी मारून चीर, चाक आणि चैन यांच्या प्रश्नांतून सुटका करून घेता येणार नाही.

कृषी विभागाला आणि विक्रेत्यांना म्हणून माझं एवढंच सांगणं आहे. भारी जमिनीच्या तालुक्यात अनुदानाचं यंत्र द्याल तेव्हा त्यासोबत दाबचाकं द्या, सोयाबीनला चालणारे रोळ किंवा तबकड्या द्या, फणांचा एक जादा संच द्या, आणि ही रक्कम अनुदानात धरा. खरिपाआधीच्या प्रशिक्षणातलं भाषण तासाभरानं कमी करा आणि तो तास यंत्र उचलून धरून, नळ्यांना पिशव्या बांधून, शेतकऱ्याच्या हातानं चाक फिरवून घेण्यात घालवा.